कोरडे तांदूळ

माणसाच्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाखाली, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. दिवसाला लिटरभर लाळ त्या सहज तयार करतात आणि आपण ती नकळत गिळत राहतो. श्रीवर्धनजवळच्या एका हायस्कुलात गेली चोवीस वर्षं मी हे मुलांना शिकवते आहे. शिकवताना माझा आवाज नेहमीसारखा असतो, फळ्यावरची आकृतीही नेहमीसारखी असते. पण हा धडा आला की दर वर्षी मला एक माणूस आठवतो आणि त्याचं वाईट व्हावं असं अगदी मनापासून वाटतं. तो मेला त्याला दहा वर्षं झाली. तरीही वाटतं.

माझी आई पोफळीच्या एका मोठ्या वाडीत सुपारी सोलायला जायची. वाडीचे मालक मुंबईला नोकरीला होते. इथलं घर त्यांची बायको बघायची, तिला सगळा गाव वहिनी म्हणत असे. आणि घरावर हुकूम चालायचा मालकांच्या काकांचा. काका कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पांढऱ्या स्वच्छ धोतरातले. मागच्या पडवीत आठ बायका ओळीनं बसायच्या आणि समोर वाळलेल्या सुपारीचा ढीग असायचा. आठांतल्या सात जणी आसपासच्या गावांतल्या, आई एकटी आमच्या बौद्ध वस्तीतली. ती ओळीच्या टोकाला बसायची. तिथे बस असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि जरा मधे सरक असंही कोणी कधी म्हटलं नव्हतं.

मी आठवीत होते. रविवार होता म्हणून आईबरोबर गेले होते, तिचा हातभार म्हणून टोपल्या उचलायला. दुपारी घरातून वहिनींचा आवाज चढलेला ऐकू आला. आंघोळीला जाताना त्यांनी कानातल्या कुड्या काढून ठेवल्या होत्या आणि आता त्यांतली एकच सापडत होती. थोड्या वेळानं काका पडवीत आले. उरलेली कुडी त्यांनी तळहातावर धरली होती. जुनी, मोत्यांची, मधे लाल खडा. ती त्यांनी एकेकीच्या नाकासमोर नेली.

"हिची जोडी गेलीय. घरात बाहेरचं कोणी आलेलं नाही. मी पोलिसांना बोलावत नाही. तांदूळ देतो."

तांदूळ देणं म्हणजे काय ते आमच्या त्या चार-पाच गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. मूठभर कोरडे तांदूळ देवापुढे ठेवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि ज्यांच्यावर संशय असेल त्यांना ते चावायला द्यायचे. मग थुंकायला लावायचं. ज्याच्या तोंडातून ओला लगदा पडेल तो निर्दोष आणि ज्याचे तांदूळ कोरडे बाहेर येतील तो चोर. देवानं त्याच्या तोंडातलं पाणी काढून घेतलं, असा त्याचा अर्थ. त्या देवाशी आमच्या घराचा संबंध आजोबांच्या वेळेपासूनच राहिला नव्हता. पण आईला तसं कोणी विचारलं नाही.

मला तिथून पिटाळलं. मी मागच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, चढून बघत होते. तिथून मला दिसल्या त्या फक्त आठ पाठी. प्रत्येकीपुढे एकेक विरी ठेवलेली होती, म्हणजे पोफळीच्या झावळीचा तो रुंद, होडीसारखा देठ. काका टोकदार काटकीनं एकेक लगदा उलटून बघत पुढे सरकत होते. ओला. ओला. ओला. सात वेळा ओला. आठव्या विरीपाशी ते थांबले. त्यांनी काटकी फिरवली तेव्हा भुग्याची धूळ उडालेली मला गडग्यावरून दिसली.

"वाटलंच होतं," काका म्हणाले.

आई म्हणाली, "मी न्हाय घेतली."

तेवढंच. ती रडली नाही, पाया पडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिची झडती घेतली, आमचं घर उलथंपालथं केलं. कुडी मिळाली नाही. तिनं ती विकली असणार, असं ठरलं. पोलिसांत न देण्याचे उपकार तेवढे काकांनी केले, आणि ते उपकार त्यांनी पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत बोलून दाखवले.

आईचं ते काम सुटलं आणि दुसऱ्या कुठल्याही वाडीत तिला कोणी उभं केलं नाही. वडील माझ्या लहानपणीच गेले होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बाजारात तिला कुडीवाली म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या बेतानं. शाळेत माझ्या शेजारच्या मुली आपली कंपासपेटी मांडीवर घेऊन बसत. मी सगळ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत. त्यांतल्या दोघींची मुलं पुढे माझ्या वर्गात आली. मी त्यांना त्यांच्या लायकीपेक्षा अर्धा गुण कमी दिला नाही आणि अर्धा जास्तही दिला नाही. कमी द्यायचा मोह झाला नाही असं मात्र म्हणणार नाही.

म्हसळ्याला अकरावीत असताना चेतासंस्थेचा धडा आला. आपल्या शरीरात दोन कारभारी आहेत. एक स्वस्थपणाचा. जेवा, पचवा, झोपा असं सांगणारा. दुसरा संकटाचा. अंगावर कुत्रा धावून आला की हा दुसरा सगळी सूत्रं हातात घेतो. अधिवृक्क ग्रंथीतून रस सुटतो, काळीज धडधडतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, तळव्यांना घाम येतो आणि रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. पळताना किंवा मारताना जेवण पचवायची गरज नसते. म्हणून पचनाची दुकानं बंद होतात आणि त्यांत पहिलं बंद होतं ते लाळेचं. मांजराचे केस उभे राहतात, शेळी चघळता चघळता थांबते, आणि माणसाच्या घशाला कोरड पडते. तोंडचं पाणी पळालं असं आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरं आहे. शिकवणारे सर पुढच्या मुद्द्यावर गेले. मी मात्र तिथेच राहिले. माझे कान तापले होते. म्हणजे तांदळाला चोर कळत नाही. तांदळाला कळते फक्त भीती.

आणि आठ बायकांत सगळ्यात जास्त भीती कोणाला असणार, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही सांगता आलं असतं. जिच्याकडे बोट जाणार हे आधीच ठरलेलं आहे, तिच्या तोंडात पाणी कुठून राहणार? आईचा त्या देवावर विश्वास नव्हता, पण तिच्या लाळग्रंथींना ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी मी घरी गेले. आई दारात मासळी साफ करत होती. वही उघडून मी तिला सगळं समजावून सांगितलं, आकृतीसकट. तुझी काही चूक नव्हती, तू घाबरलीस म्हणून तसं झालं, तुझ्या जागी कोणीही असतं तरी झालं असतं. तिनं ऐकून घेतलं. खवले चिकटलेल्या मनगटानं कपाळावरचा केस मागे सारला.

"आसंल," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. तिला आनंद व्हावा, ती उठून सरळ त्या वाडीत जावी आणि काकांच्या तोंडावर माझी वही आपटावी, असं मला वाटत होतं. तिनं पुढचा मासा उचलला. तेव्हा मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. आई चोर नव्हती, हे त्या घरातल्या माणसाच्या तोंडून, गावासमोर वदवून घ्यायचं. माझं जीवशास्त्र तिथून सुरू झालं. मला निसर्गाची ओढ होती वगैरे मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं होतं, ते खोटं होतं.

पुढे मुरूडला खोली घेऊन पदवी केली. सुट्टीत आगरदांड्याच्या जेट्टीवरून दिघीला उतरून घरी यायचे. मग बी.एड. झालं आणि माझ्याच भागात नोकरी लागली. या सगळ्या वर्षांत माझ्या शरीरानं वैराची एक सवय लावून घेतली होती. ओल्या सुपारीच्या सालीचा वास आला की माझे पाय आपोआप रस्ता बदलायचे. रस्त्यात वहिनी दिसल्या की नाडी वाढायची. मी ती मोजूनही बघितली आहे, मनगटावर बोटं ठेवून, दुकानाच्या आडोशाला उभं राहून. राग आणि भीती यांची रसायनं शरीराला फारशी वेगळी करता येत नाहीत. त्या बाईला बघून मी घाबरते आहे की चिडले आहे, हे माझ्या अधिवृक्काला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी त्यांना बघायला गेले. गावातले सगळेच जात होते. त्यांचा चेहरा एका बाजूला ओघळला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. उशाशी बसलेली बाई दर मिनिटाला ती फडक्यानं पुसत होती. लाळ काही थांबत नव्हती. मेंदूचा अर्धा भाग बंद पडला की गिळणं जमत नाही, मग साधीच लाळ बाहेर येते. मी तिथे चांगली वीस मिनिटं बसले. मला फार बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

त्यानंतर एका लग्नात मी वहिनींना जवळून पाहिलं. त्यांच्या दोन्ही कानांत कुड्या होत्या. मोत्यांच्या, जुन्या, मधे लाल खडा. काकांच्या तळहातावर पाहिलेली ती मला विसरणं शक्य नव्हतं, आणि आता तिच्यासारख्याच दोन होत्या. जोडीची दुसरी घडवून घेतली असेल, असंही म्हणता येत होतं. सोनार काहीही हुबेहूब करून देतो. पण जेवणाच्या रांगेत मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि बराच वेळ त्यांच्या कानांकडे बघत राहिले. दोन्ही कुड्यांचं सोनं सारखंच झिजलेलं होतं. वहिनींनी मागे वळून मला पाहिलं आणि पदर कानांवरून घेतला. मी हातातली पत्रावळ घट्ट धरून ठेवली. तिथे बोलले असते तर एका लग्नात गोंधळ घालणारी बाई एवढंच झालं असतं. मी थांबले.

गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. शाळेला नवी विज्ञान प्रयोगशाळा मिळणार होती. वहिनींच्या कुटुंबाची देणगी, काकांच्या स्मरणार्थ. दारावर काकांच्या नावाचा संगमरवरी फलक. उद्घाटन वहिनींच्या हस्ते, मुंबईहून त्यांचा मुलगाही येणार.

"मॅडम, पाहुण्यांसमोर एखादा छोटासा प्रयोग करून दाखवा ना," मुख्याध्यापक म्हणाले. "सोपा, घरगुती. लोकांना मजा वाटेल असा."

"करते की," मी म्हणाले.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस. वरून कोणाचा फोन आला तरी उभं राहून बोलतात. त्यांच्यावर मी अन्याय करणार होते हे मला कळत होतं आणि मी तो केला. आईबरोबरच्या सात बायकांपैकी तिघी अजून हयात होत्या. तिघींच्या घरी मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. आईला नवी साडी आणली. ती कधीच माझ्या शाळेत आली नव्हती.

"मला कशाला तितं?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच आहे," मी म्हणाले. याहून जास्त सांगितलं नाही.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता. फीत कापली, नारळ फुटला, भाषणं झाली. काका कसे सत्यप्रिय होते ते त्यांच्या पुतण्याच्या मुलानं दहा मिनिटं सांगितलं. आई तिसऱ्या रांगेत बसून होती, हात मांडीवर ठेवून. मग माझी पाळी आली. टेबलावर मी नवा डिजिटल काटा मांडला आणि पाच विऱ्या ठेवल्या. विऱ्या बघून त्या तिघींतल्या एका म्हातारीनं दुसरीला कोपर मारलं. मी आधीच दोन पेले पाणी पिऊन आले होते. माझंही तोंड कोरडं पडणार हे मला ठाऊक होतं.

व्यासपीठावर पाच जण होते. मुख्याध्यापक, सरपंच, शाळा समितीचे अध्यक्ष, वहिनी आणि त्यांचा मुलगा. प्रत्येकाला मी सारख्या वजनाचे तांदूळ दिले. अर्धा मिनिट चावून विरीत टाकायचे. सगळे हसत होते. सरपंच म्हणाले, "मॅडम, सोबत आमटी तरी द्या." लगदे काट्यावर ठेवले. सगळ्यांचं वजन वाढलेलं, म्हणजे लाळ मिसळलेली. मी मुलांना त्या तीन जोड्या समजावून सांगितल्या. टाळ्या झाल्या. वहिनी मात्र हसल्या नव्हत्या. पहिल्या घासापासून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आता दुसरी फेरी," मी म्हणाले आणि पुन्हा तांदूळ वाटले. सगळ्यांच्या हातात आल्यावर मी माईक जवळ घेतला. "चावायच्या आधी एक सांगते. नव्या सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग टेबलावरून आत्ता नाहीसं झालं आहे. इथे या पाच जणांशिवाय कोणी आलेलं नाही. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील, त्याच्याकडे आपण चौकशी करू. चावा."

मुख्याध्यापकांचा चेहरा खडूसारखा झाला. चावत असताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. अर्ध्या मिनिटानं मी वजनं वाचून दाखवली. सरपंचांची लाळ निम्म्यावर आली होती. अध्यक्षांचीही घटलेली. मुख्याध्यापकांच्या विरीत जवळजवळ कोरडा भुगा होता.

मी पर्स उघडून भिंग बाहेर काढलं.

"भिंग पहिल्यापासून माझ्याकडेच होतं. सर चोर नाहीत. सरांना नोकरीची काळजी आहे, शाळेच्या नावाची काळजी आहे, म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भ्यालेला माणूस आणि चोर यांतला फरक तांदळाला कळत नाही. मुलांनो, हे लिहून घ्या."

सगळे हसले. सरांना सुटल्यासारखं झालं आणि तेही हसले. मी वहिनींकडे वळले. दुसऱ्या वेळचे तांदूळ त्यांच्या तळहातावर तसेच होते.

"वहिनी, तुम्ही चावले नाहीत."

त्यांनी मूठ मिटली. मग मीच बोलले. चौतीस वर्षांपूर्वी या गावात, एका घराच्या मागच्या पडवीत, हाच प्रयोग आठ बायकांवर झाला होता. एकीचे तांदूळ कोरडे निघाले. तिचं काम गेलं, नाव गेलं. ज्यांनी प्रयोग केला त्यांच्या नावाचा फलक आत्ताच दारावर लागला आहे आणि ती बाई तिसऱ्या रांगेत बसली आहे.

सगळ्या माना मागे वळल्या. आई समोर बघत होती.

"ती कुडी सापडली का हो, वहिनी?"

त्यांचा मुलगा उठला. "मॅडम, हा काय प्रकार आहे?"

"उपक्रम आहे," मी म्हणाले. "पाठ्यपुस्तकातला."

वहिनींच्या गळ्यावरची शीर उडत होती. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, ती चिकटली. पुन्हा फिरवली. मग हात पुढे करून त्यांनी पाण्याची खूण केली. तांब्या माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही. समोर सत्तरीची बाई होती, घामानं डबडबलेली, आणि मी तांब्यावर हात ठेवून उभी होते.

"आधी सांगा."

"सापडली," त्या म्हणाल्या. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्याच ट्रंकेत. पातळाच्या घडीत पडलेली. त्याच महिन्यात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काका नको म्हणाले." त्यांचा आवाज खरखरत होता. "म्हणाले, आता बोललीस तर देवाच्या तांदळाला उद्या कोण भिईल? एका बाईसाठी सगळी रीत मोडायची का? मी लहान होते घरात. गप्प बसले."

मग मी पेला भरून दिला. त्यांच्या हातातून निम्मं पाणी साडीवर सांडलं. तिसऱ्या रांगेजवळ कोणीतरी रडत होतं, ती आई नव्हती, तिच्याबरोबर सुपारी सोलणारी एक म्हातारी होती. सरपंच छताकडे बघत होते. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. अगदी खरं सांगते. भुकेल्या माणसाला पान वाढल्यावर सुटतं तसं. त्या क्षणी मला कोणाची दया आली नाही. फलक उद्या उतरवा असं मी माईकवरच सांगितलं आणि माईक ठेवून खाली उतरले.

आईला हाताला धरून बाहेर आणलं. रस्त्यावर रिक्षा मिळाली. मी सारखी बोलत होते. चेहरा बघितलास का तिचा, तो मुलगा कसा उठला, आता बाजारातून ताठ मानेनं चालायचं. खाडीच्या पुलावर आईनं मला मधेच तोडलं.

"कुडी ट्रंकंत व्हती?" तिनं विचारलं.

"हो. ऐकलंस ना तू."

"तिच्याच पातळात?"

"हो गं."

पूल संपला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तू न्हवती घेतली?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी सकाळी वहिनींनी मला टोपली आणायला माजघरात पाठवलं होतं. आई मागोमाग आली. मी आरशासमोर उभी होते आणि फळीवरची एक कुडी उचलून कानाला लावून बघत होते. तेवढ्यात कोणीतरी आईला हाक मारली आणि ती परत फिरली. हे मी वर लिहिलं नाही, कारण मला ते कधी सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी कुडी क्षणभर धरली आणि परत फळीवर ठेवली. ठेवताना आईनं पाहिलं नाही. उचलताना पाहिलं.

"काका म्हणलं तांदूळ द्येतो," आई म्हणाली. "मला वाटलं, बायकांत न्हाय गावला चोर तर पोरीला बोलवतील. तू बारीक व्हतीस. तुला तर बोलताबी आलं नसतं."

"म्हणून तू घाबरलीस. आणि म्हणून तोंड कोरडं पडलं."

"मी कुठं घाबरले?" ती म्हणाली. "पदराची चिंधी फाडली आन गालात दाबून धरली. तितं पानी सुटतं, म्हाईत हाय मला, दाढ दुखायची तवा कापूस तितंच धरायचे. चिंधीनं समदं पानी पिलं. कोरडं करून थुकले."

वरच्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला, कानाखालच्या ग्रंथीची नळी उघडते. चोवीस वर्षं मी ती फळ्यावर काढते आहे. अकरावीतली वही उघडून मी तिला तिची भीती समजावून सांगितली होती, तेव्हा ती मासे साफ करत ऐकत होती आणि 'आसंल' म्हणाली होती. चोर ठरायचं तिनं स्वतः ठरवलं होतं. आणि तेव्हापासून चौतीस वर्षं तिनं एका चोर मुलीला वाढवलं, शिकवलं, मास्तरीण केलं. शिक्षकांच्या सत्कारात माझ्या गळ्यात हार पडला तेव्हाही तिच्या मनात कुठेतरी ती कुडी होती. त्या घरानं आमच्याकडून नेमकं काय नेलं, हे मला आज कळत होतं. वहिनींना तो पाण्याचा पेला आणखी उशिरा द्यायला हवा होता. पण त्यांच्यावर राग काढायला मी तिथे नव्हते, आणि रिक्षात शेजारी आई होती.

"एवढी वर्षं, आई," मी ओरडलेच. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "एकदा तरी मला विचारायचंस. नुसतं एकदा."

तिनं नव्या साडीचा पदर मांडीवर सरळ केला.

"इचारलं असतं," ती म्हणाली, "आन तू व्हय म्हणली असतीस तर?"